मुलांची शस्त्रक्रिया आणि उपाशीपोटाचे तास : ‘रात्री बारानंतर काहीही नको’ ही सूचना आता सोडायला हवी

निशिगंधा

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग लहान मुलांच्या शस्त्रक्रियांचा आहे. हर्निया, खाली न उतरलेले वृषण, टॉन्सिल, दुभंगलेला ओठ, कधी भूल देऊन करायची दातांची कामे, असे त्याचे स्वरूप असते. या धाग्यात मला एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे, ती म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला किती तास आणि कशापासून उपाशी ठेवायचे.

आपल्याकडे अनेक रुग्णालयांत आदल्या संध्याकाळी पालकांना सांगितले जाते की रात्री बारानंतर तोंडाने काहीही द्यायचे नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. केसपेपरवर ‘एनबीएम’ (निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काहीही नाही) एवढेच लिहिले जाते. यादीत पहिला नंबर असलेल्या मुलाला सकाळी आठला ओटीत (शस्त्रक्रियागृहात) घेतले तर ते फार हाल न होता पार पडते. परंतु त्याच यादीत चौथ्या असलेल्या मुलाची पाळी दुपारी एकला येते आणि त्या मुलाने रात्री आठला जेवून झोप घेतलेली असेल तर प्रत्यक्षात त्याच्या पोटात सतरा तास काही गेलेले नसते. तीन वर्षांचे मूल या अवस्थेत ओटीच्या दारात येते तेव्हा ते रडून थकलेले असते, ओठ सुकलेले असतात आणि हाताची शीर बोटाला लागत नाही. हे सारे टाळता येण्याजोगे आहे, म्हणूनच मला ते सहन होत नाही.

उपाशी ठेवण्यामागचे कारण मात्र खरे आहे आणि ते पालकांना नीट सांगितले पाहिजे. एरवी घशात काही उलटून आले तर आपल्याला ठसका लागतो, श्वासनलिकेचे तोंड आपोआप मिटते आणि फुफ्फुसांचे रक्षण होते. भूल दिल्यावर हे संरक्षण काही काळ नाहीसे होते. त्या वेळी जठरातले आम्ल किंवा अन्नाचे कण वर आले, तर ते थेट फुफ्फुसात उतरू शकतात. न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये याविषयीचा महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1932 ते 1945 या काळातील 44,016 प्रसूतींपैकी 66 स्त्रियांच्या बाबतीत भुलीच्या दरम्यान जठरातील पदार्थ श्वासमार्गात गेले होते आणि दोघींचा घन अन्नाने श्वास कोंडून मृत्यू झाला होता. त्यानंतर भुलीपूर्वी पोट रिकामे ठेवण्याचा आग्रह सर्वत्र धरला जाऊ लागला, आणि कालांतराने घन अन्न, दूध व पाणी यांतला फरक पुसला जाऊन सर्वांसाठी एकच मध्यरात्रीची रेषा आखली गेली. प्रसूतिवेदना सुरू असलेल्या, पोट सावकाश रिकामे होणाऱ्या स्त्रियांवरून काढलेला सावधगिरीचा निष्कर्ष हर्नियासाठी आलेल्या निरोगी मुलाला जसाच्या तसा लागू झाला.

जठर मात्र सर्व पदार्थांना एकसारखे वागवत नाही. साधे पाणी प्यायल्यावर त्यातला निम्मा भाग साधारण दहा ते वीस मिनिटांत पुढे आतड्यात सरकतो आणि तासाभरात जठर जवळजवळ पूर्वस्थितीला येते. घन अन्न आधी बारीक घुसळले जावे लागते, मगच ते हळूहळू पुढे जाते, त्यामुळे त्याला कित्येक तास लागतात. दूध दिसायला पातळ असले तरी जठरातल्या आम्लात ते नासते आणि त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून त्याची गणना पाण्यात करता येत नाही. आईच्या दुधात केसीन हे प्रथिन कमी असल्याने गुठळ्या बारीक व मऊ होतात आणि ते गाई-म्हशीच्या दुधापेक्षा लवकर पुढे सरकते.

यावर आधारित ‘सहा-चार-दोन’ हा नियम बऱ्याच वर्षांपासून रूढ आहे : घन अन्न आणि वरचे दूध सहा तास आधी बंद, अंगावरचे दूध चार तास आधी बंद, आणि पाण्यासारखे नितळ पेय दोन तास आधीपर्यंत चालू. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत हे तास आहेत, तळकट व भरपेट जेवणासाठी आठ तास किंवा अधिक. 2018 मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि युरोप पातळीवरील बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्रितपणे सांगितले की ज्या मुलांना काही विशेष धोका नाही त्यांना नितळ पेय एक तास आधीपर्यंत द्यावे. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी आणखी पुढे जाऊन अंगावरच्या दुधासाठी तीन तास आणि पावडरच्या दुधासाठी व हलक्या न्याहारीसाठी चार तास पुरेसे मानले. आपल्या इंडियन सोसायटी ऑफ अनेस्थेसिऑलॉजिस्ट्सनेही 2020 मध्ये या विषयावर सविस्तर सूचना प्रसिद्ध केल्या असून त्यांत मुलांचा स्वतंत्र विचार आहे. ‘रात्री बारानंतर काहीही नको’ या सूचनेला यांपैकी कोठेही आधार नाही.

लहान मुलांना हे लांबलेले तास मोठ्यांपेक्षा जास्त बाधतात, कारण त्यांच्या यकृतातला साखरेचा साठा थोडा आणि शरीराचा खर्च अधिक असतो. पाण्याचा हिशेबही पाहावा. हॉलिडे आणि सेगर यांच्या 1957 पासून वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे बारा किलोच्या मुलाला तासाला सुमारे 44 मिलिलिटर पाणी लागते. मध्यरात्रीपासून दुपारी एकपर्यंत ही तूट अर्ध्या लिटरहून अधिक होते. अशा मुलाला भूल देताना रक्तदाब खाली येण्याची शक्यता वाढते. शिवाय उपाशी ठेवल्याने जठर कोरडे होत नाही, कारण आम्ल पाझरत राहते आणि लाळ गिळली जात असते. मुलांना शस्त्रक्रियेपूर्वी किती उपाशी ठेवावे यावरील चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2009 मध्ये निघाला. त्यात दोन तास आधीपर्यंत नितळ पेय दिलेल्या मुलांच्या जठरात, पूर्ण उपाशी ठेवलेल्या मुलांच्या तुलनेत, द्रव जास्त आढळला नाही. ती मुले मात्र कमी तहानलेली आणि अधिक शांत होती.

प्रत्येकाने आपल्या भूलतज्ज्ञाने दिलेली वेळच पाळावी, हे वेगळे सांगायला नको. परंतु ती वेळ कोणत्या पदार्थासाठी आहे आणि ती आपल्या मुलाच्या शस्त्रक्रियेच्या वेळेवरून मोजली आहे की सबंध यादीच्या वेळेवरून, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे आणि तो त्यांनी बजावावा.

पारिजात

आपण हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या पाच महिन्यांच्या मुलीच्या ओठाची शस्त्रक्रिया ठरली आहे. तिला टाळूलाही फट असल्याने ती छातीला नीट लागत नाही, म्हणून मी दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजते. वजन वाढावे म्हणून त्यात कधी पावडरचे दूधही मिसळते. हे कोणत्या गटात धरायचे? आमच्या सासूबाई विचारतात की वरणाचे पाणी, भाताची पेज किंवा शहाळ्याचे पाणी मोठ्या मुलांना चालेल का, कारण घरात पुतण्याच्या टॉन्सिलची शस्त्रक्रियाही पुढे आहे.

निशिगंधा

पारिजात, काढलेले दूध वाटीतून दिले तरी ते अंगावरचेच दूध आहे, त्यामुळे त्याला चार तासांचा नियम लागू होतो (आपले रुग्णालय युरोपीय सूचना पाळत असेल तर तीन तासांचा). त्यात पावडर मिसळली की मात्र ते सबंध दूध पावडरचे धरावे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचे शेवटचे पाजणे केवळ आपल्या दुधाचे असू द्या. सकाळी आठची वेळ असेल तर पहाटे साडेतीनला बाळाला मुद्दाम उठवून पाजा आणि चारच्या आत पाजणे संपवा. ‘झोपले आहे तर झोपू दे’ या मायेपोटी हे शेवटचे पाजणे चुकते आणि बाळ आदल्या रात्रीपासून उपाशी राहते. पाच महिन्यांच्या बाळाला आपण एरवी पाणी देत नाही, म्हणून मधल्या काळात साखरपाणी द्यायचे का आणि किती, हे भूलतज्ज्ञाला विचारून घ्या. एवढ्या लहान बाळाचा नंबर यादीत पहिला लावण्याची विनंती आपण निःसंकोच करू शकता. बहुतेक शल्यविशारद स्वतःहूनच तसे करतात.

सासूबाईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपल्या घरांत ‘पातळ’ म्हणून दिले जाणारे बरेच पदार्थ या हिशेबात पातळ नसतात. वरणाच्या पाण्यात डाळीचे कण असतात, पेजेत पिष्ट असते, ताक हे दुधाचेच रूप आहे, खिमट आणि नाचणीचे सत्त्व तर सरळ अन्नच आहे. यांना सहा तासांचा नियम लावावा. दुधाचा चहा, मग तो अर्धा कप का असेना, दुधातच मोडतो. पाणी, साखरपाणी, ओआरएस, कोरा चहा आणि गाळलेला, गर नसलेला सफरचंदाचा रस ही नितळ पेये होत. शहाळ्याचे पाणी मलई आणि चोथा काढून गाळलेले असेल तर मी चालवते, पण आपल्या भूलतज्ज्ञाला विचारूनच द्यावे. घरच्या घरी ओळखायचे असेल तर पेय काचेच्या पेल्यात ओतून मागे वर्तमानपत्र धरावे. पेल्यातून बातमी वाचता आली तर ते सामान्यतः नितळ समजायला हरकत नाही. संत्र्याचा रस या परीक्षेत नापास होतो.

सह्यकडा

मी तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया करतो. धाग्यातील शास्त्राविषयी माझा वाद नाही, परंतु एक तासाचा नियम आमच्यासारख्या ठिकाणी राबवता येईल असे मला वाटत नाही, आणि त्याची कारणे स्पष्ट सांगतो.

आमच्याकडे भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नसतात. त्या सकाळी दुसऱ्या रुग्णालयात एक केस करून येतात आणि आमच्यानंतर तिसरीकडे जायच्या असतात. पहिल्या रुग्णाला ताप निघाला म्हणून ती शस्त्रक्रिया रद्द झाली की दुसरा रुग्ण तासभर आधी टेबलावर घ्यावा लागतो, आणि नेमके त्याच मुलाने तेव्हा पाणी प्यायलेले असेल तर सगळे खोळंबतात. दुसरे असे की ‘पाणी चालेल’ हे वाक्य वॉर्डमधून घरच्यांपर्यंत पोचेस्तोवर ‘थोडे दूध चालेल’ असे होते. आजी येते, नातवाचा चेहरा पाहते आणि बिस्कीट बुडवलेला चहा देते. एखादा अनर्थ घडला तर न्यायालयात आम्हालाच उभे राहावे लागते. अमेरिकन संघटनेने 2023 च्या सुधारणेतही मुलांसाठी दोन तासच कायम ठेवले आहेत, हे आपण लक्षात घ्यावे.

निशिगंधा

सह्यकडा, आपले म्हणणे मी टाळणार नाही. 2023 च्या त्या सुधारणेत दोन तास आहेत हे बरोबर आहे. त्याचबरोबर मुलांना गरजेपेक्षा अधिक काळ उपाशी ठेवू नये आणि दोन तासांच्या शक्य तितक्या जवळपर्यंत पेय द्यावे असेही तेथे स्पष्टपणे म्हटले आहे. एक तास की दोन तास यावर भूलतज्ज्ञांमध्ये अजून एकमत नाही आणि आपल्या ठिकाणी आपण दोन तास पाळलेत तर मला काहीच अडचण नाही. माझा आक्षेप बारा-चौदा तासांना आहे.

सुरक्षिततेची भीती किती धरावी यासाठी स्वीडनमधील उप्सालाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे मुलांना ओटीतून बोलावणे येईपर्यंत नितळ पेय पिऊ दिले जाते. तेथील 10,015 मुलांच्या नोंदी 2015 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत फुफ्फुसात द्रव जाण्याच्या घटना तीन होत्या आणि त्या तिघांपैकी कोणालाही अतिदक्षता विभागात ठेवावे लागले नाही. ते सुसज्ज ठिकाण आहे, मुलांच्या भुलीत मुरलेली माणसे तेथे आहेत, हे मान्य. म्हणूनच मी आपल्याकडे ‘बोलावेपर्यंत प्या’ असे म्हणत नाही.

यादी पुढे-मागे होण्यावर एक उपाय आहे. वेळ पालकांवर न सोडता पाणी वॉर्डनेच द्यावे. भूलतज्ज्ञ सकाळी येताना फोन करून सांगतात की दुसरा नंबर साधारण साडेदहाला घेऊ. सिस्टर साडेआठला त्या मुलाला पाणी देतात आणि वेळ लिहून ठेवतात. शस्त्रक्रिया लांबली तर पुन्हा फोन, पुन्हा पाणी. वयाने सर्वांत लहान असलेले मूल आधी घ्यावे, एवढ्याने निम्मी अडचण सुटते. आणि आजींच्या चहाबद्दल म्हणाल, तर ‘काही देऊ नका’ असे दरडावल्यानेच तो चहा लपवून दिला जातो. सकाळी आठपर्यंत पाणी द्या असे सांगितलेल्या आजी स्वतः घड्याळ पाहत बसतात.

रुणझुण

मी मुलांच्या शस्त्रक्रिया वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. निशिगंधाताईंनी सांगितलेली पद्धत आमच्याकडे सुरू आहे, त्यामुळे तिची व्यवहारातली बाजू लिहिते.

प्रत्येक खाटेच्या डोक्याशी आम्ही एक कागद लावतो. त्यावर ‘शेवटचे खाणे’, ‘शेवटचे दूध’, ‘शेवटचे पाणी’ अशा तीन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे घड्याळाची वेळ लिहिलेली असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही घड्याळाचे चित्र काढून काटे दाखवतो. पाणी देण्यासाठी औषधाच्या बाटलीचे माप वापरतो, कारण पालकांच्या हातात पेला दिला की मूल तहानेने एका दमात सगळे पिते. किलोमागे तीन मिलिलिटर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले आहे. बारा किलोच्या मुलाला छत्तीस, म्हणजे पंधरा मिलिलिटरची दोन मापे आणि वर थोडे. प्रमाण लहान वाटते, पण मुलाचा घसा ओला होतो आणि रडणे थांबते. वेळ हातात असेल तर हे पुन्हा देता येते.

सर्वांत मोठी अडचण शेजारच्या खाटांची असते. ज्या मुलाची शस्त्रक्रिया काल झाली ते आज उपमा खात बसलेले असते आणि मावशी चहाची गाडी फिरवत येतात. त्यामुळे त्या दिवशीच्या मुलांच्या खाटा आम्ही खोलीच्या एका बाजूला एकत्र घेतो. उशीखालची बिस्किटे, खिशातल्या गोळ्या, लाडवाचा डबा हे सगळे सकाळी सहाला तपासतो.

आणि एक कळकळीची विनंती. मुलाने काही खाल्ले असेल तर ते आम्हाला सांगा. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल, डॉक्टर रागावतील, रजा वाया जाईल या भीतीने पालक गप्प राहतात. आमच्या वॉर्डमध्ये आम्ही कोणालाही रागावत नाही आणि शक्य असेल तर त्याच दिवशी नंबर मागे घेतो. मुलाने काय खाल्ले हे भूलतज्ज्ञाला ठाऊक नसणे यापेक्षा मोठा धोका त्या सकाळी दुसरा नसतो.

टेम्सकाठी

इंग्लंडमधील अनुभव थोडक्यात सांगतो. मुलाच्या ग्रोमेटच्या (कानाच्या पडद्यात बारीक नळी बसवण्याच्या) शस्त्रक्रियेपूर्वी घरी आलेल्या पत्रात खाणे, दूध आणि पाणी यांच्या वेगवेगळ्या वेळा ठळक अक्षरांत होत्या. वॉर्डमध्ये पोचल्यावर परिचारिकेने पहिला प्रश्न ‘शेवटचे पाणी केव्हा प्यायला’ हाच विचारला, आणि आधीची शस्त्रक्रिया लांबते आहे हे कळताच त्याला पातळ केलेला सफरचंदाचा रस दिला.

कोकणवाट

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा मुलगा झोपाळ्यावरून पडला आणि कोपराच्या वरचे हाड मोडले. पडण्याच्या अर्धा तास आधी त्याने वडापाव खाल्ला होता. रुग्णालयात आम्हाला रात्री उशिरापर्यंत थांबवले गेले आणि सहा तास होऊन गेल्यावरही भूलतज्ज्ञ पोट भरलेले आहे असेच धरून चालले होते. त्या वेळी कोणी समजावून सांगितले नाही. सहा तास हे सहा तास का नव्हते?

निशिगंधा

कोकणवाट, हे आपल्याला तेव्हाच सांगितले जायला हवे होते. वर लिहिलेले सर्व तास निरोगी, आधीपासून ठरवलेल्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या मुलांचे आहेत. अपघात झाला की वेदना, भीती आणि वेदनाशामक म्हणून दिलेली मॉर्फीनसारखी औषधे यांमुळे जठराचे काम मंदावते, कधी जवळजवळ थांबते. म्हणून अशा मुलांत खाण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या वेळेपेक्षा खाण्यापासून इजा होईपर्यंतची वेळ अधिक बोलकी असते. आपल्या मुलाच्या बाबतीत ती अर्ध्या तासाची होती. याचा अर्थ वडापाव जवळजवळ जसाच्या तसा जठरात होता आणि सहा तासांनंतरही बराचसा तेथेच असण्याची शक्यता होती.

हाताची नाडी लागत नसेल, बोटे थंड पडली असतील तर थांबता येत नाही. तेव्हा पोट भरलेले आहे असे गृहीत धरूनच भूल दिली जाते. औषधे वेगाने देऊन श्वासनलिकेत नळी लवकरात लवकर बसवली जाते आणि शोषणयंत्र हाताशी सुरू ठेवले जाते. काही ठिकाणी आता सोनोग्राफीने जठर पाहून त्यात घन अन्न आहे की नाही याचा अंदाज घेतात. ज्या रुग्णालयात हे यंत्र ओटीत असते तेथे ते फार उपयोगी पडते. आतड्याचा अडथळा, सततच्या उलट्या, जठरातले वर येण्याचा गंभीर त्रास अशा मुलांनाही नेहमीचे तास लागू होत नाहीत.

पारिजात

आज भूलतज्ज्ञांना भेटून आले. त्यांनी अंगावरच्या दुधासाठी चार तास सांगितले आणि पहिला नंबर दिला. शस्त्रक्रियेनंतर दूध केव्हा पाजायचे हे मात्र विचारायचे राहिले. तसेच माझ्या पुतण्याला फिट्सचे औषध सकाळी सातला असते. त्याच्या घरच्यांना वाटते आहे की त्या दिवशी ते द्यायचे नाही.

निशिगंधा

फिट्सचे औषध चुकवू नये. सामान्यतः ते नेहमीच्या वेळी, थोड्या पाण्याबरोबर देतात. सिरप असेल तर त्याची मात्रा आणि वेळ भूलतज्ज्ञाला आधी कळवावी, म्हणजे ते त्यांच्या हिशेबात धरले जाईल. दम्याचा पंपही चालू ठेवायचा असतो. मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन मात्र नेहमीप्रमाणे देऊन मोकळे होऊ नये; त्याची मात्रा, साखर तपासण्याच्या वेळा आणि सलाईन हे सर्व डॉक्टरांशी बोलून आदल्या दिवशीच लिहून घ्यावे लागते.

आपल्या मुलीबद्दल, ती पूर्ण जागी झाली, रडू लागली, गिळू लागली की बहुतेक शल्यविशारद लवकरच दूध सुरू करू देतात. टाक्यांना ताण पडू नये म्हणून चमच्याने द्यायचे की बोंडल्याने, हे त्यांना विचारून घ्या. मोठ्या मुलांच्या बाबतीत उलट चूक होते. घरी सोडण्यापूर्वी काहीतरी पोटात गेलेच पाहिजे म्हणून आग्रहाने पाजले जाते आणि मूल उलटी करते. पुतण्याने पाणी मागितले की द्या. मागितले नाही तर त्याला झोपू द्या, सलाईन सुरू असते.

पारिजात

समजले. औषधाची बाटली आणि मात्रा लिहिलेला कागद उद्या त्यांच्याबरोबर पाठवते.